मजकूर वाचून दाखविला

नाशिक, गुरुवार, ता. ८ ऑक्टोबर १९३६

प्रिय जमीलभाई यांस रेहानाचा सलाम.

भाभी आणि मुले खुशाल असतील. इथे हवा कोरडी झाली आहे. अब्बांचा खोकला आता सकाळपुरताच राहिला आहे.

आधी एक चूक दुरुस्त करते. या पावसाळ्यात अब्बांना दर्यावरची अकरा पुस्तके वाचून दाखवली, असे मी मागच्या पत्रात कळवले होते. पूर्ण झालेली नऊच. एकाची शेवटची पाने वाळवीने खाल्ली होती. दुसरे मी अर्ध्यावर परत केले.

वाचनालयातले यादव शिपाई परवा म्हणाले, "बाई, जहाजांचं कपाट संपलं. वडिलांना द्राक्षांच्या लागवडीवरचं चालेल का?" अब्बांना सांगितले, तर म्हणतात, "वेल भरतीबरोबर वर येत असेल, तर आण म्हणावं."

डॉक्टरांनी दर्या बंद केला, तेव्हा पुस्तके वाच, हळूहळू दर्या विसरतील, असे तुम्हीच कळवले होते. ते विसरलेले नाहीत. खाटेवर बसून लिहिणाऱ्याशी भांडतात. "थांब, परत वाच. वारा पाठीमागून आणि हा शीड आवळतोय? खुर्चीत बसून लिहिलंय यानं." मग चूक मला लिहून घ्यायला लावतात. वाचनालयाच्या पुस्तकावर खूण करायची नसते, म्हणून मी चिठ्ठ्या करून पानांत ठेवते. पुढच्या माणसाचे तारू फुटू नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

परत केलेल्या पुस्तकात एका म्हाताऱ्या कप्तानाचे जहाज त्याच्या माघारी विकतात. मी तेवढे सोडून पुढे गेले. अब्बा लगेच म्हणाले, "बाय, दोन पानं एकदम उलटलीस."

"चिकटली होती."

"मग सोडव."

मी डोके दुखते म्हणून पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना परत देऊन टाकले.

भाई, पुस्तकांचा आकडा दुरुस्त करायला मी हे पत्र लिहायला बसले नाही. मागच्या पत्रात आणखी एक ओळ होती : "कागद वाचून दाखवला, अब्बांनी अंगठा दिला." त्यातले अंगठ्याचे खरे आहे.

तुमचा कागद बारा सप्टेंबरला आला. आपले गलबत विकायला अब्बांची संमती, असा तो होता. मी तो त्यांच्यासमोर उघडला आणि जिथे जिथे विक्री होती, तिथे दुरुस्ती वाचले. चार ठिकाणी. कुठे अडखळले नाही. वर्गात मुलींना सांगते तसे, थांबायच्या जागी थांबत वाचले. अब्बांनी विचारले, "पुढची, नाळेची फळी बदलणार ना?" मी म्हटले, तेही लिहिले आहे. मग त्यांनी अंगठा शाईला लावला आणि त्याखाली मी सही केली : मजकूर वाचून दाखविला.

आपल्या घरात सही करणारी मी पहिली. त्या गलबताच्या भाड्यावर शिकले, आणि ते शिक्षण इथे कामाला आले.

"खरं सांगितलंस तर अब्बा जातील, ते तुझ्या माथी," असे तुम्ही लिहवून पाठवलेत. मी भ्यायले. ते जातील म्हणून भ्यायले, असे मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. त्यांनी नाही म्हटले, तर तुमच्याशी वाकडे येईल, याचीच भीती जास्त होती. तुम्हाला त्या पैशातून मोटार सर्व्हिस काढायची घाई होती, मला घरात शांतता हवी होती. त्यांना काय हवे, हे दोघांनीही विचारले नाही.

हे पत्र चिमाजी मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील. मास्तर, माझी पहिली अक्षरे तुम्ही गिरवून घेतलीत, म्हणून लाज वाटते. पण मेहेरबानी करून एकही ओळ गाळू नका. भाई रागावले तरी.

काल अब्बा म्हणाले, "दिवाळी झाली की दाभोळला जाऊ. पाण्यात पाय घालणार नाही. खाडीवर उभा राहून गलबत नुसतं बघेन. बघायला तुझ्या डॉक्टरची हरकत नाही ना?"

"आधी हातातलं पुस्तक संपवू," मी म्हटले.

"पुस्तकात बसून किती जायचं, बाय? आणि तू पानं गाळतेस. माझ्यासाठीच गाळतेस, कळतं मला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तो कागद मात्र चांगला वाचलास."



टपालात टाकण्यापूर्वी मी त्या कागदाची नक्कल करून ठेवली होती. तेव्हा का केली, माहीत नाही. गलबताचा ताबा रविवारी, पंचवीस तारखेला द्यायचा, असे तुम्ही कळवले आहे. त्याआधी अब्बांनी हरकत घेतली, तर व्यवहार थांबतो, हे मी इथल्या एका वकिलांना विचारून घेतले. ती नक्कल मी अब्बांना वाचून दाखवणार आहे. कोणत्या शब्दाच्या जागी मी काय म्हटले, तेही सांगणार आहे. ते जे बोलतील, ते तुम्हाला तारेने कळवीन. त्यानंतर ते माझ्याकडून काही वाचून घेतील, असे वाटत नाही.

आजच सांगता आले असते. पण तुमच्या माघारी नको. एकाच्या माघारी केले, तेवढे पुरे झाले. यायचे असेल, तर शनिवार, ता. १७ पर्यंत या आणि शेजारी बसा. न आलात, तरी मी थांबणार नाही.

तुमची बहीण,
रेहाना

अब्बांना वाचून दाखवण्याचा दिवस : रविवार, ता. १८ ऑक्टोबर, सकाळी आठ वाजता.