नीना म्हणजे नीन्या नव्हे

प्रिय फिदेन्सियो,

वॉटसनव्हिलहून एर्लिंदाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे आणि तुझी आई, म्हणजे माझी नीना, अंथरुणात आहे. तुझी तब्येत, स्टॉकटनच्या गोदामातली तुझी नोकरी आणि तुझा राग, तिन्ही ठणठणीत असतील असं धरून चालते. आईचा आशीर्वाद कळवते. (तिने तो दिलेला नाही, पण पत्रात आशीर्वादाची जागा रिकामी बरी दिसत नाही.)

घाबरू नकोस. नीनाच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत लोखंड बसलं, आणि आता ती वॉकर धरून दारापर्यंत जाते, दाराला शिव्या देते आणि परत येते. पडली कशी म्हणशील, तर शेजारच्या बर्नाबेच्या झाडाची एक फांदी कुंपणावरून आपल्याकडे आली आहे, आणि आपल्या बाजूला लोंबतं ते देवाने आपल्याला दिलं, असं तुझ्या आईचं मत. त्या मतानुसार ती खुर्चीवर चढून काठीने ॲव्होकाडो पाडत होती. खुर्चीचं मत वेगळं पडलं.

आपल्या पगारातून दर वेळी जो अपंगत्वाचा विमा कापतात, त्याचा अर्ज आधी तिच्या नावाने केला. (ती अजून आमच्याच शेडमध्ये स्ट्रॉबेरी निवडते. घरी बसलं की माणूस मरतं, असं तिचं म्हणणं.) डॉक्टरने सरळ विचारलं, पडलात तेव्हा तुम्ही काम करत होतात का? नीना उसळली, "मग काय नाचत होते? जन्मात कधी रिकामी बसलेय का मी?" त्या भल्या माणसाने लिहिलं, काम करताना पडल्या. झालं! कामावरचा अपघात म्हणून अर्ज भलत्याच विम्याच्या दारात गेला, तिथून शेडच्या मालकाकडे चौकशी आली, आणि मालकाने कळवलं की आमच्याकडे झाडच नाही. शेवटी बर्नाबेने स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की सदर बाई माझी फळं चोरताना पडल्या, सबब हे काम नव्हे. अर्ज मंजूर झाला. नीना आता त्याच्याशी बोलत नाही, मात्र त्याने पाठवलेलं सूप पिते.

मग माझा अर्ज. घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा करायला किंवा घरात नवं बाळ आलं तर सरकार पगारी रजा देतं, तीच मला हवी होती. तिला उठवायचं, आंघोळ घालायची, खुर्च्या लपवायच्या, याला माणूस दिवसभर लागतं. मुकादम म्हणाला, "एर्लिंदा, मंजुरीचा कागद आण, तुझी जागा राखतो. पण तोडणी तोंडावर आलीय. कागद नसेल तर माझाही इलाज नाही, बाई." मी स्पॅनिशमधला अर्ज घेतला. रुग्णाशी नातं काय, असा रकाना होता. मी लिहिलं, नीना. बाप्तिस्म्याच्या वेळी जिने मला हातात धरलं आणि माझी आई गेल्यावर जिने मला हातातून खाली ठेवलं नाही, त्या धर्ममातेला आपण आणखी काय म्हणतो? पण कचेरीत कोणा सुशिक्षिताला वाटलं, की ही बाई न वरची नागमोडी रेघ विसरली. त्याने ती रेघ घातली आणि नीनाची झाली नीन्या, म्हणजे लहान मुलगी. आठवड्याभरात घरी पत्र. नव्या बाळाबद्दल अभिनंदन, जन्माचा दाखला पाठवावा.

मी फोन केला. (फोनवर आधी इतका वेळ संगीत ऐकवतात, की नीना म्हणाली, यांच्या बँडला आपल्याकडच्या पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाला, क्विन्सेन्येराला बोलवू या.) शेवटी एक बाई आल्या. आवाजाने गोड होत्या.

"बाळ कधी झालं?"

"छप्पन साली."

"वर्ष नीट सांगता का, ताई?"

"नीटच सांगतेय. एकोणीसशे छप्पन."

"बाळ... चालतं का?"

"वॉकर धरून."

मग कागद चाळल्याचा आवाज. मी रेघेची हकीकत सांगितली, तशा त्या पोट धरून हसल्या आणि लगेच हसू आवरून यादी वाचू लागल्या: आईबाप, नवरा, बायको, मूल, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे. धर्ममाता यादीत नाही. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी बिचारीने पुन्हा वाचली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझीही एक नीना आहे, ताई. पण यादी मी करत नाही ना." आणि विचारलं, त्यांना सख्खं मूल नाही का?

फोन मोठ्या आवाजावर होता. अंथरुणातून उत्तर गेलं, "सांग तिला, होता एक. जिभेला हाड नव्हतं त्याच्या."

म्हणजे ईस्टरचं ते मोले प्रकरण अजून जिवंत आहे. भर पंगतीत, तिच्या सगळ्या मैत्रिणींसमोर, कोंबडीच्या रश्शातलं हे मोले घरी वाटलेलं नाही, बाटलीतलं आहे असं तू म्हणालास, ती म्हणाली चालता हो, आणि तू खरंच चालता झालास. मी यात पडत नाही. मी फक्त कळवते, की सोमवारी मला शेडमध्ये हजर व्हायचं आहे, नाहीतर जागा गेली. आणि नीना दिवसभर एकटी असेल, वॉकर, आंघोळीची ओली फरशी आणि त्या फांदीसोबत. मला भीती वाटते, फिदेन्सियो. बाकी ठीक.

तुझी,
एर्लिंदा

ता. क. आता काम. यादीत आई पहिलीच आहे, आणि विम्याचे पैसे तुझ्याही पगारातून कापतात. तेव्हा अर्ज तू कर आणि रविवारपर्यंत ये. नातं इंग्रजीत लिही. आल्यावर मोलेबद्दल माफी माग. ते बाटलीतलंच होतं, तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर माफी मोठी लागेल.

ता. क. २. हे पत्र लिहू नकोस, असं नीनाने मला बजावलं आहे. मघाशी तिनेच विचारलं, तिकीट नीट चिकटवलंस ना.

ता. क. ३. यादीत सासूही आहे. तू मागे एकदा मला विचारलं होतंस आणि मी 'बघू' म्हणाले होते. तर बघितलं. (हे रजेसाठी नाही. रजेचं तुझ्या अर्जावर भागतंय.) पाद्रीबाबांनाही विचारून ठेवलं. धर्ममातेच्या मुलाशी लग्नाला चर्चची हरकत नाही म्हणाले. कोणासाठी विचारतेस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र मला खोटं बोलता आलं नाही.