एकच कोट

४ मे
दुपारच्या बसने समुद्रपूरला पोहोचलो. सामान म्हणजे एक पिशवी, आमच्या आंजी गावच्या वावरातली वांगी आणि कृषी केंद्राने फुकट दिलेली ही डायरी. सून ज्योत्स्ना स्टँडवर घ्यायला आली होती. माझा मुलगा योगेंद्र गेल्यापासून त्याचा फोटो स्टुडिओ तीच चालवते. पुढे दुकान, मागे राहायची खोली. वांगी पाहून पोरगी हसली, माझा जीव निवला.

मी का आलो ते लिहून ठेवतो. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ज्योत्स्नाने हात जोडले, भावकीने हात जोडले. बाभळीवरचा कावळा हलायला तयार नाही. ऊन चढलं तसा माझा राग चढला. मी ओरडलो, लेका, तुझं काम बंद पडणार नाही, हा तुझ्या बापाचा शब्द आहे. लगेच कावळा खाली आला. शब्द माझा, तेव्हा राबायला मीच आलो.

६ मे
इथे लग्नापेक्षा मेलेल्यांच्या फोटोचं काम जास्त. घरचे लोक एखाद्या लग्नाचा घोळका घेऊन येतात आणि बोट ठेवतात, हे आमचे बाबा. ज्योत्स्ना लॅपटॉपवर आधी माणसामागचं सगळं पुसते, मग निळा पडदा लावते, मग अंगावर कोट चढवते आणि शेवटी गळ्यात झेंडूचा हार. कोट एकच, योगेंद्रने मशीनमध्ये ठेवलेला. जन्म बंडीत काढलेला माणूस मेल्यावर साहेब होतो. सगळ्या तालुक्याला एकच कोट! मी पोट धरून हसलो. बायांना साडी. नवरा मागे ठेवून गेली तर हिरवी आणि कपाळाला कुंकू, नाहीतर राखाडी.

पण हा लॅपटॉप म्हणजे मारका बैल. बटण दाबलं की नुसता घरघरतो. मागचं पुसलं की एक चहा, कोट चढवला की दुसरा चहा. समोरचा टपरीवाला प्रेमदास आमच्यावर श्रीमंत होईल. गिऱ्हाईक उठून जातं. माझं डोकं सणकतं. असल्या डबड्यावर माझा मुलगा मान मोडून बसला आणि कधी बोलला नाही. बोलायचं होतं ना बापाशी.

९ मे
हिंगणघाटहून अंकुश आला. लॅपटॉप दुरुस्त करणारा पोरगा, योगेंद्रचा मित्र. म्हणाला, मशीन चांगली आहे, आतली हार्डडिस्क म्हातारी झाली. तिच्यात चकती फिरते. तिच्या जागी एसएसडी टाकू, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. मी विचारलं, योगेंद्रचं काही पुसलं तर जाणार नाही ना? तर म्हणतो, "काकाजी, एक फोटो जाणार नाई. योगेंद्रभाऊ जसाच्या तसा उतरते याच्यात."

जुन्यातलं नव्यात उतरवून त्याने पेच आवळले. मग वेगाची चाचणी लावली. पडद्यावर पट्टा सुटला तो थेट उजव्या टोकाला. मला आकडे कळत नाहीत. मी माझी चाचणी घेतली, प्रेमदासला चहा सांगितला. चहा उकळायच्या आत मशीन सुरू, एक मयत फोटो पूर्ण, कोट आणि हारासकट. घरघर नाही की गरम होणं नाही. जुनी डिस्क अंकुश सोबत घेऊन गेला.

प्रेमदास दारातून ओरडला, "काकाजी, तुमची मशीन फास्ट झाली अन् माहा चहा मेला!"

१२ मे
कोणाची तरी थट्टा आहे आणि मला ती सहन होत नाही. सकाळी लॅपटॉपचं झाकण उघडलं तर प्रेमदासचा मयत फोटो तयार. निळा पडदा, कोट, हार. जिवंत माणूस समोर दूध उकळतो आहे! ज्योत्स्नाला खडसावलं. ती म्हणाली, "मामाजी, मी काऊन असं करीन?" अंकुशला फोनवर शिव्या दिल्या. तोही नाही म्हणतो. मग फोटो मीच पुसला.

१३ मे
प्रेमदास भर दुपारी टपरीवर कोसळला, तो गेलाच. ऊन लागलं म्हणतात. त्याचा भाऊ फोटो करायला आला. ज्योत्स्नाने मशीन उघडली. काल पुसलेला फोटो होता तिथेच होता. भावाने नेला आणि म्हणाला, किती लवकर झालं.

१५ मे
मी आज समोर बसून पाहिलं. माउसला कोणाचा हात नव्हता. आधी मागचं गेलं, मग पडदा आला. कोट चढवताना डावा खांदा आधी, मग उजवा, मग कॉलरला एक हलका धक्का. योगेंद्रची सवय. माझा सदरासुद्धा तो असाच नीट करायचा.

काम बंद पडणार नाही, असं मीच म्हणालो होतो. जुन्या डिस्कवर त्याचं काम पुढे सरकत नव्हतं. आम्ही त्याला वेग दिला. आता काम संपलं की तो नवं काम शोधतो. तालुक्यातल्या सगळ्या लग्नांचे चेहरे त्याच्याजवळ आहेत.

आजचा चेहरा कोणाचा ते लिहायला हात धजत नाही. अंकुशचा आहे.

१५ मे, दुपारी
सकाळीच, हा चेहरा दिसायच्या आधी, अंकुशला सांगितलं होतं, जुनी डिस्क परत बसव. तो हसला. "फास्टवरून स्लोवर कोणी जाते काय, काकाजी?" पण आणतो म्हणाला. आता सांगायला फोन करतो की गाडीवर बसू नको. नुसती रिंग वाजते. ज्योत्स्नाही लावते आहे. उचल रे गाढवा, उचल—

१६ मे
जाम गावच्या चौरस्त्यावर. ट्रकखाली. जुन्या डिस्कचा चुरा झाला.

योगेंद्र, तुझा मित्र होता तो. तुझी तिरडी त्याने उचलली. तुला लाज नाही?

१७ मे
लॅपटॉप बटण दाबून बंद केला. झाकण उघडलं की काम तिथूनच पुढे. चार्जर तोडला, बॅटरी उपसून फेकली, तरी चालूच. विहिरीत टाकायला निघालो होतो. जाण्याआधी एकदा पाहिलं.

ज्योत्स्ना.

तिच्या लग्नातला फोटो. मागचा मांडव पुसला जातो आहे. आत खोलीत तिला ताप भरला. म्हणते, "मामाजी, मागची भिंत कुठं गेली? मले दिसून नाई राह्यली."

आता विहिरीत कसा टाकू? पोरगी अर्धी त्यात गेलेली. काठीने फोडला तर तीच फुटायची. डॉक्टर येतो म्हणाला, अजून आला नाही.

संध्याकाळ
निळा पडदा आला. तिचे ओठ निळे.

साडी चढते आहे. हिरवी. कुंकूसुद्धा. हरामखोरा, तू मेलास! तिला राखाडी लागते, तुला ठाऊक आहे. तुला काम नको, बायको हवी आहे. तिने तुझ्यामागे सगळं ओढलं, आता मेल्यावरही तिनेच गल्ल्यावर बसायचं?

नाही. शब्द तिने दिला नव्हता. मी दिला होता.

त्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसलो. म्हणालो, आधी बापाचं कर. बापाचं काम मागे ठेवतोस?

माउस थांबला.

तिचा फोटो मागे गेला. माझा पुढे आला.

आतून आवाज आला. "मामाजी, पाणी द्या जी." स्वच्छ आवाज. भिंत दिसते, म्हणाली. तिला म्हटलं, स्वतः उठून घे, आणि इकडे येऊ नको.

माझ्यामागचं कपाट गेलं. दार गेलं. वळून पाहिलं तर निळंच.

ऐक योगेंद्र. शब्द माझा होता. मी गेलो की शब्द गेला. तुझं काम इथे संपलं. ही सून माझी आहे, तिला हात लावायचा—

डावा खांदा जड. आता उजवा. जन्मात कोट घातला नव्हता रे. काखेत काचतो.

कॉलरला धक्का दिला. हळू दिला. लेका—

हार ओला आहे, मानेला थंड