हसण्याआधीचा श्वास

मम्मी, तू सध्या टीव्हीवर आहेस. भूत म्हणून. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेआठला, आणि तुझा आवाज थांबला की लगेच माणसं हसतात.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील एवढी कॉन्व्हेंटात घातली आणि हिला धड सांगताही येत नाही. ज्या सिनेमाच्या कोरसला तू गेली होतीस तो तुला आठवत असेलच. वादक भाडेकरूंनी भरलेलं घर, जिन्यावरून ऐकू येणारं मालकाच्या मेलेल्या बायकोचं गुणगुणणं, दर पाच मिनिटांनी एक गाणं. आता त्याला क्लासिक म्हणतात, म्हणजे त्याच्याबद्दल सगळे बोलतात आणि शेवटपर्यंत पाहिलेला कुणीच नसतो. त्यावरून एका वाहिनीने विनोदी मालिका काढली आहे. सुरुवातीला 'प्रेरित' असं लिहून येतं. आमच्या शाळेत याला कॉपी म्हणायचे आणि हातावर पट्टी बसायची. वादकांच्या जागी आता कॉल सेंटरमधली पोरं आहेत, मालक सोसायटीचा सेक्रेटरी झाला आहे, आणि त्याची मेलेली बायको जिन्यावर उभी राहून सगळ्यांना पाणी जपून वापरायला सांगते. ती येणार असली की दिवे लुकलुकतात आणि एका बाईचा गुणगुणण्याचा आवाज येतो. तो त्यांनी जुन्या सिनेमातूनच उचलला आहे. तुझाच आहे तो.

मला हे कळलं ते स्वयंपाकघरात. आपलं गावठाणातलं घर गेलं हे तुला ठाऊक नाही. तिथे बिल्डिंग झाली, मी चौथ्या मजल्यावर असते. समोरच्या दारात एक मालवणची बाई राहते, माझ्याच वयाची, कानाने जरा कमी. तिचा टीव्ही सगळा मजला ऐकतो. मी कांदा चिरत होते. जिन्याच्या बाजूने तू श्वास घेतलास. गाणं नंतर आलं, मम्मी, आधी श्वास आला, आत घेताना मध्येच अडखळलेला आणि मग पुन्हा घेतलेला. मी सुरी खाली ठेवली. मी माणूस गाण्यावरून ओळखत नाही, मला गाण्यातलं काय कळतं. पण आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजला बसले, समोरचा हॅलो म्हणायच्या आधी कोण आहे ते मला समजायचं. आणि तुझ्या शेवटच्या आजारात तुझ्या खाटेपाशी बसून मी दुसरं काय ऐकलं? हाच श्वास. तेव्हा प्रत्येक अडखळीला वाटायचं की आता पुढचा येणार नाही. त्या संध्याकाळी तो आला, त्याच्यामागून तुझा आवाज जिना ओलांडून माझ्या दारापर्यंत आला, आणि मग शंभर माणसं खदखदून हसली.

लहानपणी रेडिओवर त्या सिनेमातलं ते गाणं लागलं की तू काय करायचीस ते मला अजून दिसतं. तू बोंबील साफ करते आहेस, हात पाण्यात आहेत, पप्पा रेल्वेच्या कारखान्यातून येऊन पायरीवर चपला झटकत आहेत. गाणं त्या गुणगुणण्यापाशी पोचतं आणि तुझे हात पाण्यात थांबतात. ते संपतं, तू पुन्हा बोंबलाचं डोकं उडवतेस. चर्चच्या क्वायरमधल्या चारपाच बायकांना गावठाणातला व्हायोलिनवाला अंधेरीच्या स्टुडिओत कोरससाठी घेऊन गेला होता, एवढंच आम्हाला माहीत होतं. ते मी शाळेत सिस्टरला फुगवून सांगितलं, माझी मम्मी सिनेमात गाते म्हणून. सिस्टरने रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर तुलाच गोड आवाजात विचारलं. तू तिथे हसलीस. घरी आल्यावर मारलं नाहीस, आवाजही चढवला नाहीस. "ज्यावर आपलं नाव नाही ते आपलं म्हणून सांगत फिरायचं नाही. लोक खोटारडी म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील." हे तू इतक्या थंडपणे म्हणालीस की मला पट्टी परवडली असती.

खरी गोष्ट तू सांगितलीस ती मला नोकरी लागली तेव्हा. दुसऱ्या दिवशी एक्सचेंजला रुजू व्हायचं होतं. बाकीच्या मुलींना त्यांच्या आयांनी साड्या घेतल्या, तू मला ओट्यापाशी उभं केलंस आणि तोंडासमोर लाटणं धरलंस. हा तुझा माऊथपीस, बोल. मी बोलले. तू म्हणालीस की श्वास थेट त्याच्यावर सोडतेस, समोरच्याच्या कानात वारा जातो, मान जराशी वळव, श्वास बाजूला घे, मग बोल. मी विचारलं, तुला गं कोणी शिकवलं? तेव्हा लाटणं तसंच हातात धरून तू सांगितलंस. त्या गुणगुणण्यासाठी मोठ्या गाणाऱ्या बाईला कोण बोलावणार, म्हणून संगीत बसवणाऱ्या माणसाने कोरसमधून तुला पुढे ओढलं. तुला सातवा महिना होता. पहिल्या वेळी त्याने तुला झाडलं, बाई, श्वास बाजूला घ्या. दुसऱ्या वेळी तू मान वळवलीस तरी तो अडखळला, कारण मी तुझ्या फुप्फुसांना खालून रेटत होते. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. तोच सिनेमात राहिला.

तुला त्याची लाज वाटायची, हे मला तेव्हा समजलं. क्वायरमध्ये तुम्हाला शिकवलेलं असायचं की गाताना स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला तर तो जास्त झाला, आवर. सगळ्यांच्या आवाजात विरघळून जायचं, तेच चांगलं गाणं. तू आयुष्यभर तसंच गायलीस, तशीच राहिलीस. आणि जिथे तू एकटी ऐकू येतेस तिथे तुझी चूकही ऐकू येते. म्हणून हात पाण्यात थांबायचे. मी त्या श्वासावर नोकरी केली, मम्मी. लोक माझ्या आवाजाची तारीफ करायचे आणि मी मान वळवून श्वास घ्यायचे.

मालवणवालीला मी दोन आठवडे काही बोलले नाही. एक दिवस तिने दारातूनच हाक मारली, "अगं ये ना, ती भुताची बाय आलीय, आज बघ काय बोलते ती."

"ते गाणं म्हणतेय ना, ती माझी आई आहे," मी म्हटलं.

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून तिने टीव्हीच बंद केला. "शी गं. आणि मी इतके दिवस हसत होते त्याला?" दुसऱ्या दिवसापासून तुझा आवाज यायच्या बेताला ती आवाज कमी करायला लागली, तोही असा की कमी केलेलं साऱ्या मजल्याला कळावं. मला तिचा राग आला. मग माझाही आला. तू घरात कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नाहीस आणि आता तुझ्यावर रोज हशा. मी चांगली साडी नेसले आणि मालिकावाल्यांच्या ऑफिसात गेले.

साकीनाक्याच्या मागे, जिथे पूर्वी लेथ मशीनची धडधड असायची, त्याच गाळ्यांमध्ये आता ही लोकं बसतात. एक मुलगी भेटली, केस अर्धे जांभळे, पण वागायला बरी. तिने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सिनेमाचे हक्क रीतसर घेतलेत, कोरसवाल्यांची नावं कुठेच नाहीत. "आँटी, मी नाही म्हणत नाहीये, पण प्रूफ काय ना आपल्याकडे?" मला तुझं ते थंड वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली. मी म्हटलं, लाव तो आवाज, श्वास कुठे अडतो ते सांगते. ती म्हणाली तो सगळ्यांनाच ऐकू येतो, आँटी, आमचा साउंडवाला त्याच्यावर वैतागलेला असतो. तरी तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

मागे बाजा नाही, हसणं नाही, नुसती तू. मी तयार नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर खाटेवरची तू होतीस आणि कानात एक पोरगी गात होती, त्या जांभळ्या केसांच्या मुलीहून लहान. मला तिला विचारावंसं वाटलं की बाळ, बसायला कुणी खुर्ची दिली का तुला. मी पासष्टी उलटलेली बाई, माझ्या आईला बाळ म्हणत होते. मुलीने विचारलं तुम्हाला नक्की काय हवंय, पैसे, नाव? मी म्हटलं, हसणं काढा. ती म्हणाली ते कसं काढणार, कॉमेडी आहे. पण तुम्हाला एवढा त्रास होत असेल तर आवाज बदलू, नवीन सिंगर घेऊ, नाहीतरी ते ठरतच होतं. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं. "काढाच," मी म्हटलं. "तिला काही तुमची गरज नाही."

ती मुलगी शब्दाची पक्की निघाली. पुढच्याच महिन्यात दिवे लुकलुकले आणि भलतीच कोणीतरी गुणगुणली. सूर स्वच्छ, एखाद्या धुतलेल्या काचेसारखा. श्वास नाहीच. मालवणवालीने आवाज कमी केला नाही. उलट दारात येऊन म्हणाली, "ऐकलं बघ तुझं त्यांनी. जिंकलीस." मी हो म्हटलं, दार लावलं आणि कढईखालचा गॅस बंद करायला विसरले. सिमेट्रीतही हेच झालं होतं. जागा कमी म्हणून तुझ्या कबरीत नंतर दुसऱ्यांना ठेवलं, तुझी हाडं भिंतीतल्या कप्प्यात गेली, आणि तेव्हा मीच सही करून परवानगी दिली होती. पण तेव्हा मला कुणी जिंकलीस असं म्हणालं नव्हतं.

हे पत्र मी नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाला, त्या कप्प्यापाशी मेणबत्तीखाली ठेवणार होते. ठेवणार नाही. तिथे वारा असतो, कागद उडेल, कुणीतरी वाचेल, आणि मला जे शेवटी सांगायचं आहे ते कुणी वाचायला नको.

दुपारी दोन वाजता मालिकेचे जुने भाग परत दाखवतात. त्यात त्यांनी काही बदललेलं नाही, तिथे अजून तूच आहेस. हे मी मालवणवालीला सांगितलेलं नाही, त्या मुलीला तर नाहीच, सांगितलं तर भलेपणाने तिथूनही काढेल. मी स्वतःसाठी टीव्ही घेतला आहे. दार लावते, आवाज बारीक ठेवते आणि पडद्याजवळ बसते. रोज एक भाग सरतो. पुढे कधीतरी ते त्या स्वच्छ सुराच्या बाईपाशी पोचतील आणि मग संपलं. काल तू अडखळलीस, गायलीस, थांबलीस. सेक्रेटरी जिन्याकडे बघून ओरडला, मेलीस तरी गप्प बसत नाहीस? त्याची मेलेली बायको म्हणाली, जिवंतपणी बसले होते ना.

ती सगळी माणसं हसली, मम्मी. आणि मीही हसले, चांगली मोठ्याने.