एका सुताचा फरक

प्रिय फौजदार,

लहानपणी घरभर हुकूम सोडत फिरायचीस म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. आता तू स्वतः टिटवीची आई झालीस, तरी माझ्या तोंडात तेच बसलंय. फोनवर तुला दोन मिनिटांच्या वर सवड नसते आणि मला सांगायचंय ते दोन मिनिटांत उरकणारं नाही, म्हणून हे पत्र. माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझी आई म्हणते, चाळीस वर्षं लोकांच्या बिजागऱ्यांना तेल घातलंत, आता स्वतःच्या घाला.

गेले दोन महिने मी ग्रह करतोय. हसू नकोस. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ अंध मुलींची शाळा आहे, तिथल्या भूगोलाच्या बाईंना हातात धरून बघता येतील असे ग्रह हवे होते. बाई स्वतःही जन्मापासून अंध आहेत. त्यांनी मला मापं तोंडपाठ सांगितली. पृथ्वी एक इंचाची धरली तर गुरू अकरा इंच, शनी साडेनऊ, युरेनस चार आणि नेपच्यून चाराला थोडा कमी. आतले छोटे ग्रह एका दुपारीच झाले. खरा घाम काढला तो या बाहेरच्या चौघांनी. गुरूएवढा अखंड ठोकळा मिळेना, म्हणून फळ्या चिकटवून गठ्ठा केला आणि लेथवर चढवला, तर लेथच थरथरायला लागला. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली भूकंप झाला की काय!

गुरूवर पट्टे असतात, ते मी खाचा पाडून दाखवले. त्यावर एक मोठं वादळ आहे म्हणे, शेकडो वर्षं थांबलेलं नाही. तिथे पटाशीने लांबट खळगा कोरला. शनीचं कडं पातळ प्लायचं, एकवीस इंच रुंद. युरेनस आडवा लोळत फिरतो, म्हणून त्याच्या आसाची दांडी जवळजवळ आडवी बसवली. मला वाटलं चूक झाली, पण बाई म्हणाल्या, चूक नाही, तो तसाच आहे. नेपच्यूनपाशी मात्र मी आळस केला. युरेनसच्याच मापाचा दुसरा गोळा काढला आणि पॉलिश करून मोकळा झालो. म्हटलं, एवढ्याशा फरकाने कोणाचं काय अडतंय.

वर्गात नेऊन टेबलावर मांडले, तर बारा पोरी पोळ्यावरच्या माश्यांसारख्या चिकटल्या. दोघींनी शनीच्या कड्यावरून एकमेकींच्या वेण्या ओढल्या. एकीने पृथ्वीचा गोळा गुरूच्या खळग्यात ठेवून बघितला, तो आत बसला आणि वर जागा उरली. ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मग एक बारीकशी, पुढचे दोन दात पडलेली पोरगी युरेनस एका हातात आणि नेपच्यून दुसऱ्या हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवत बसली. शेवटी म्हणाली, काका, हे दोन्ही सारखेच आहेत. बाईंनी तर नेपच्यून लहान सांगितलाय. तुम्ही फसवलंत.

चाळीस वर्षांत माझं माप कोणी काढलं नव्हतं. मी मान खाली घालून नेपच्यून पिशवीत टाकला, घरी आणला आणि एक सूत उतरवला. तू दुकानात खेळायचीस म्हणून तुला ठाऊक आहे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसऱ्या दिवशी परत नेला. तिने हातात घेतला, पुन्हा दोन्ही तोलले आणि म्हणाली, आता बरोबर. तिच्या त्या दोन शब्दांनी मला जे वाटलं, ते कुठल्याही गिऱ्हाइकाच्या कौतुकाने वाटलं नव्हतं. निघताना तिनेच विचारलं, नेपच्यूनला खरा हात कोणी लावलाय का? मी म्हटलं, नाही गं, कोणीच नाही. ती म्हणाली, मग तुम्हाला तरी काय माहीत! आणि खिदळत पळाली. पळाली म्हणजे खरोखर पळाली, भिंतीला एक बोट लावून.

आता खरं सांगतो. ते काम माझ्याकडे चालून आलेलं नाही. मीच त्या शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, काही लाकडाचं काम असेल तर फुकट करून देतो. मला आत जायचं होतं. तिथली पोरं कोपऱ्यात बसून असतात की हसतात, ते बघायचं होतं. सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा टिटवी आपला जिना पुटपुटत, पायऱ्या मोजत उतरायची. ताटातली पोळी ती चाचपून शोधत होती. तू म्हणालीस चष्म्याचा नंबर वाढलाय आणि जावईबापू खिडकीबाहेर बघत राहिले. आम्ही दोघांनी हो हो म्हटलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला सांगणं तुझ्या जिवावर आलं असेल, त्याचा राग नाही. पण पोरी, तिला घेऊन एकदा ये. मोठ्या बाईंशी बोललोय, टिटवीचं नाव सांगितलेलं नाही. मी बाहेर बाकावर बसेन, आत तुम्ही दोघी जा. शाळा नाही पटली तर परत जा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पत्र लिहायचं कारण मात्र शाळा नाही. परवा तू बाजारात गेलेली असताना टिटवीने मला फोन लावला आणि हळूच विचारलं, आजोबा, आई रोज न्हाणीत नळ सोडून का रडते? मी सांगितलं, तुझ्या आईलाच विचार. ती म्हणाली, नको, तिला वाटतं मला कळत नाही.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा