यार्कोची संमती

टाम्पेरे, १४ नोव्हेंबर

प्रिय यार्को,

तिकडे उत्तरेला आता बर्फ पडलं असेल. इथे नुसता चिखल, आणि दुपारीच अंधार. माझी तब्येत बरी आहे, पाठ सोडून. कॉफी अजून दोघांच्या मापानेच होते. उरलेली मी गार पितो.

कामाचं लिहितो. अंधांना संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आपला ‘वाचक’ हा प्रोग्रॅम कंपनीला आता बंदिस्त करायचा आहे. कोणीही घ्या, उघडून पाहा, सुधारा, हे संपणार. घेईल त्याने दरमहा पैसे भरायचे. सध्या सगळीकडे हेच वारं आहे. मोठ्या कंपन्या आपलं काम फुकट उचलून त्यावर दुकान थाटतात, आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपण. आमची साहेबीण नीना म्हणते, "तार्मो, तत्त्वं काय लोणी लावून खायची? त्या दोन नव्या पोरींचे पगार कुठून देऊ?" तिचंही खोटं नाही. मी कंपनीचा पगार घेतला म्हणून तू दार आपटून गेलास, पण त्याच पगारावर ‘वाचक’ जगला.

मात्र ज्याने ज्याने त्यात चार ओळी लिहिल्या, त्या प्रत्येकाची संमती लागते. बाकीच्यांची मिळाली, माझीही. तुझी राहिली. तुझा भाग पायातला आहे, तो काढला तर वरचं काही उभं राहत नाही. म्हणून कंपनीच्या वकिलाने मला लिहायला लावलं. विनंती केली, असं समज.

परवा हिल्काबाईंचा फोन आला होता. स्वतःला दिसत नसताना अजून गावातल्या अंध म्हाताऱ्यांना ‘वाचक’ शिकवतात.

"पैसे लागणार म्हणे?"

"अजून ठरलं नाही."

"कोण ठरवणार?"

"यार्को."

"मग ठरलंच की. तो मेला गाढवापेक्षा हट्टी."

फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं, आणि मग फार एकटं.

मला नाही म्हणता आलं नाही. त्या पोरींची तोंडं बघून सही केली. तू अडवलंस तर नीना चार दिवस चिडेल, मग दुसरी वाट शोधेल. मीही शोधेन, तू बरोबर असलास तर.

हे वकिलाने वाचू नये म्हणून हाताने लिहिलं आहे. शनिवारी सौना तापवतो आणि वाफेत एकटाच बसतो. ये, तिथेच सांग. सौनात कामाचं बोलायचं नाही हा आपला नियम, पण एका शब्दापुरता मोडू.

तुझ्या नकाराची वाट पाहणारा,
तार्मो