अडखळल्यास खिडकी उघडावी

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी उत्तरेकडच्या बर्फाळ घाटाच्या पायथ्याशी, ट्रकच्या केबिनमध्ये, मी नेहमीसारखा हात जोडून रोजची प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या ओळीपुढे जाईना. गावच्या शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेली प्रार्थना ती. आजवर कधी अडली नव्हती. आधी वाटलं, देव रुसला. मग उठू लागलो तर पायच हलेनात. कसाबसा दाराचा खटका ओढला आणि खाली बर्फात तोंडावर पडलो. मोकळी हवा छातीत गेली तशी पडल्या पडल्याच सगळी प्रार्थना आठवली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फैलावर घेतलं. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवून झोपलात, तिच्या वायूला ना रंग ना वास, आणखी थोडं झोपला असतात तर उठलाच नसतात, म्हणाल्या.

शेगडी मी हौसेने ठेवत नाही. हीटर डिझेल पितात म्हणून भाऊजींनी सगळ्या ट्रकांतले हीटर काढून गोदामात टाकले आणि आम्हा ड्रायव्हरांना एकेक शेगडी वाटली. वर रंगवलंय, ‘तुमची ऊब, आमची जबाबदारी’. त्यांना मालक समजून बोललो तर ती नोकराची तक्रार होते, भाऊजी समजून बोललो तर घरातली कुरबूर. तेव्हा तूच सांग. फोन मुद्दाम केला नाही. तू रडली असतीस आणि मी ‘काही नाही गं’ म्हणून मोकळा झालो असतो.

माया आहेच, सोबत थोडी वकिलीही कर.

तुझा,
धाकटा

१३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्नाशीला टेकलास तरी तोंडावर पडायची खोड गेली नाही तुझी. रडायचं ते रडून घेतलं, आता कामाचं लिहिते.

ह्यांना तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. घास हातातच राहिला. मला वाटलं, दगडाला पाझर फुटला. तर म्हणाले, म्हणजे प्रार्थनेनेच वाचला की! दुसऱ्या दिवशी स्वारी छापखान्यात. आता प्रत्येक केबिनमध्ये तुझ्या प्रार्थनेचा फलक लागणार, आणि खाली सूचना: ‘चालकाने ही वरचेवर म्हणावी. अडखळल्यास खिडकी उघडावी.’ झोपलेल्या माणसाने कशी म्हणायची, असं विचारलं, तर मला प्रत्येक चांगल्या कामात खोट दिसते म्हणे. तुमच्यातला तो देव न मानणारा, ज्याला तुम्ही पाखंडी म्हणता, त्याच्यासाठी एकोणतीसचा पाढा छापलाय. मला तो धडधाकट असतानाही येत नाही. त्या हिशोबाने आपल्या घराच्या खिडक्या बारा महिने उघड्या ठेवायला हव्यात.

खरी काळजी पुढे आहे. हीटरना गिऱ्हाईक मिळालंय, सोमवारी ते उचलून नेणार. मग बोलूनही उपयोग नाही.

माझ्या संसाराकडे बघून गप्प बसू नकोस. ह्यांचा राग उतू जाणाऱ्या दुधासारखा. आच काढली की खाली बसतो. ती आच मी सांभाळते.

तब्येतीला जप, आणि मला घाबरवायला का होईना, लिहीत जा.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

रा. रा. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

आपण वाचलात, आमच्या व्यवसायाची अब्रूही वाचली. सोमवारी सकाळी आवारात ‘हिवाळी चालक कल्याण सोहळा’ योजला आहे. फलकाचे अनावरण आपल्या हस्ते होईल. प्रार्थनाही आपणच म्हणावी. कृपया अडखळू नये. पाहुण्यांसमोर शेगडी, वायू, डॉक्टर असे अशुभ विषय टाळावेत. समारंभ आटोपताच सर्वांनी माल घेऊन घाटाकडे निघावे. थंडी वाढणार असल्याने कोळसा दीडपट दिला आहे.

घरचा माणूस म्हणून आपल्यावर भिस्त आहे. आपुलकी वेळेवर हजर राहून दाखवावी.

आपला,
मालक व भाऊजी

१९ जानेवारी, दुपार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्धी हकीकत तुला भाऊजींच्या आवाजावरून कळलीच असेल. उरलेली सांगतो, पत्र पाखंड्याच्या हाती लगेच पाठवतोय.

दोन दिवस मनाशी खल केला. देवाने मला वाचवलं, यात मला शंका नाही. पण त्याचं नाव हीटरच्या जागी टांगायचं, आणि तेही माझ्या हातून, हे पाप वाटलं. उद्या पाखंडी झोपेत गेला, तर त्याला पाढा येत नव्हता असंही हे लोक सांगतील. अडत होतो तो फक्त तुझ्यापाशी. तू ती गाठ सोडवलीस.

आज पाहुणे बसले होते, हार तयार होता, ट्रक माल भरून रांगेत उभे होते. मी माझा ट्रक बाहेर काढला आणि आवाराच्या फाटकात आडवा लावला. भाऊजींना वाटलं फोटोसाठी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग उतरून सांगितलं, की हीटर बसल्याशिवाय एकही ट्रक घाटात जाणार नाही, आणि हीटर न्यायला कुणाची गाडी आतही येणार नाही. मेहुणा असून वैर साधलंस, असं ते ओरडले. मी म्हटलं, मेहुणा आहे म्हणून तर आडवा लावला. नुसता नोकर असतो तर नोकरी सोडून गेलो असतो. बाकीचे ड्रायव्हर एकेक करून खाली उतरले. पाखंडी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुझ्या देवाशी आज पहिल्यांदाच माझं जमलं.

भाऊजींनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि गोदाम उघडायला सांगितलं. मी ट्रकची चावी आमच्या मेकॅनिककडे दिली, शेवटचा हीटर तापेपर्यंत ती कुणालाही द्यायची नाही म्हणून बजावलं, आणि पायी घरी आलो.

लोभ वाढला नाही तरी चालेल. आज संध्याकाळी तेवढा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा