शेवटच्या मुक्कामावरचं पाकीट

ता. २ जून
पहिला मुक्काम

तीर्थरूप बाबांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता आणि तो शिवणयंत्राशेजारी ठेवून देता. यंत्राची खबरबात कळते, तुमची नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही तिघं सुखरूप आहोत. गुरांची डॉक्टर सर्वांत पुढे, बेकरीवाला मध्ये आणि मी शेपूट. सकाळी डोंगरावर पॅराग्लायडरचं कापड पसरायचं, उताराकडे धावत सुटायचं, आणि ऊन तापलं की वर चढणाऱ्या हवेत गोल गोल फिरत उंची घ्यायची. मग समोरच्या डोंगराकडे निघायचं. दमलो की कुणाच्या तरी कुरणात उतरायचं. काल बेकरीवाला नेमका शेणखतात उतरला, त्याला आम्ही जेवायला लांब बसवलं.

मागच्या वर्षी मी पडले, पाय मोडला, चार महिने तुम्ही मला उचलून बसवलंत. मी पुन्हा उडावं हे तुम्हाला पटत नाही, ते मला कळतं. पण निघताना तुम्ही दुकानाबाहेर आला नाहीत, ते फार लागलं. चारही मुक्कामांचे पत्ते मोठ्या कात्रीखाली ठेवून आले आहे. दोन ओळी टाकाल ना?

तब्येतीला जपा. लोभ वाढवा असं म्हणायची सध्या माझी छाती नाही, आहे तेवढा राहू द्या.

तुमची
भिंगरी


ता. ११ जून
दुकान

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. शेपूट आहेस हे बरं, तिथेच राहा.

एक गोष्ट फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितो. तू निघालीस त्याच दिवशी रागाच्या भरात मी एक पत्र लिहिलं आणि शेवटच्या मुक्कामाच्या पत्त्यावर साध्या टपालानं टाकलं. पाकीट पेटीत पडलं आणि लगेच हात आत घालून काढावंसं वाटलं. बापानं लिहू नये असं त्यात एक वाक्य आहे. ते पाकीट हाती आलं की न फोडता जाळून टाक. त्याच्याआधी तुला गाठावं म्हणून हे कुरिअरनं तिसऱ्या मुक्कामावर पाठवतो आहे.

मी भित्रा माणूस आहे. हॉस्पिटलात त्या दिवशी तुझी पँट मीच कापली. तीस वर्षं कापड कापतो आहे, पण कात्री वाकडी गेली ती तेव्हाच. राग म्हणशील तर तो तिथून आला.

बाकी दुकानात बँडवाल्यांच्या कोटांची घाई आहे. बँडमास्तर माप देताना पोट आत ओढून धरतात. मी त्यांचा श्वास सुटेपर्यंत टेप धरून उभा राहतो.

सांभाळून ये. उरलेलं भांडण समोरासमोर करू.

तुझे
बाबा


ता. २० जून
शेवटचा मुक्काम

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तिसऱ्या मुक्कामावर मिळालं. त्यानंतर ते वाक्य काय असेल हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

फक्त एक खिंड ओलांडायची राहिली होती. सकाळी वारा धड नव्हता, दुपारी निवळला आणि दोघं तयार झाली. मीही कापड पसरलं, पट्टे आवळले. तेवढ्यात मनात आलं, आज मला काही झालं तर ते पत्रच आपल्यातलं शेवटचं बोलणं ठरेल, आणि पुढे सगळं आयुष्य तुम्हाला ते घेऊन काढावं लागेल. मी पट्टे सोडले. दोघं उडून नीट पोचली. मी घडी घातली आणि पाच तास बसनं आले, मांडीवर हे भलंमोठं बोचकं घेऊन. शेजारच्या बाईंनी विचारलं की मी गाद्या विकते का.

आणि बाबा, मी तुमचं ऐकलं नाही. पाकीट फोडलं. तुमचा राग मी नाही वाचायचा, तर कुणी वाचायचा? आत एक चिठ्ठी होती. छाती बेचाळीस, पोट शेहेचाळीस, डावा खांदा उतरता, पाठीत सैल ठेवणे. यात माझ्यावरचा राग कुठे आहे, ते शोधत मी तीनदा वाचली. मग हसू आलं, आणि तुमचं अक्षर बघून रडूही आलं.

खरं पत्र कुठे गेलं? त्यात काय होतं ते सांगा, आता माघार नको. परतीचं तिकीट पाच तारखेचं आहे, तोवर आम्ही इथेच आहोत.

उत्तराची वाट बघते. माया असू द्या.

तुमची
भिंगरी


ता. २७ जून
दुकान

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ती चिठ्ठी कोट बेतणाऱ्या कारागिराला पाठवायची होती. दोन्ही पाकिटं एकाच बैठकीत बंद केली, तीही चष्मा न लावता. तुझं पत्र त्याच्याकडे गेलं. बिचारा तीन आठवडे कोड्यात होता. काल बस पकडून स्वतः आला, पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की तो शिडीवर चढला तरी त्याला घेरी येते, तेव्हा हे त्याला उद्देशून नसावं. जाताना मात्र म्हणाला की त्याच्या मुलीला कुणी असं लिहिलं असतं, तर ती घरी परत आली नसती. बँडमास्तरांचा कोट अजून कापडाच्या ठाणातच आहे.

तू बसनं गेलीस हे वाचलं आणि मला रडू आलं. गिऱ्हाइकासमोर नको म्हणून थोडा वेळ दुकान बंद ठेवलं. तुझ्या मनात तसलं काही यावं, ते माझ्यामुळे यावं, याची मला लाज वाटते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मी लिहिलं होतं, ‘पुन्हा उडालीस तर घरी येऊ नकोस.’ कागद फाडणार होतो, पण फाडल्यानं लिहिलेलं पुसत नाही. मग आमच्या धंद्यात करतात तेच केलं. एका जागी वेलांटी जोडली, शेवटी जास्तीचं होतं ते कापलं. तोच कागद सोबत पाठवतो आहे. आता तो असा वाचायचा:

पुन्हा उडालीस तरी घरी ये.

तुझे
बाबा